वर्षभराच्या बचतीसाठी काय निवडावे : आवर्ती ठेव, भिशी की सोनाराची योजना?

पुण्यातल्या पगारदार घराला वर्षातले मोठे खर्च बहुधा आधीच ठाऊक असतात : शाळेची फी, महापालिकेचा मिळकतकर (जो महापालिकेने ठरवलेल्या मुदतीत भरला तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते), गाडीचा विमा, गणपती आणि दिवाळी. खर्च ठाऊक असूनही ऐन वेळी क्रेडिट कार्डाचा आधार घ्यावा लागतो, कारण महिन्याच्या शेवटी उरेल ते बाजूला टाकू, असे ठरवलेले असते आणि महिन्याच्या शेवटी फारसे काही उरत नाही. त्यामुळे हप्ता ठरवून पैसे साठवण्याचे तीन प्रचलित मार्ग येथे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

सुरुवात व्याजदरापासून करू, कारण बहुतेक जण तुलना तेथूनच करतात आणि एका वर्षापुरती तीच तुलना सर्वांत कमी कामाची असते. दरमहा ५,००० रुपयांची बँकेतील आवर्ती ठेव ६.५ टक्के दराने १२ महिने चालवली, तर ६०,००० रुपयांवर साधारण २,१०० रुपये व्याज मिळते. दर ७.५ टक्के धरला तरी व्याजात साडेतीनशे रुपयांचीही भर पडत नाही. याउलट एक हप्ता चुकला की उद्दिष्टातून थेट ५,००० रुपये कमी होतात. म्हणून जास्त दराच्या शोधात बँका पालथ्या घालण्यापेक्षा हप्ता चुकणार नाही अशी सोय कोणत्या मार्गात आहे आणि पैसे नेमक्या तारखेला हातात येतील का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

या दोन्ही प्रश्नांवर आवर्ती ठेव बिनचूक उतरते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो आणि मुदत संपण्याची तारीख पहिल्याच दिवशी पावतीवर छापलेली असते. गरज पडली तर ठेव मोडता येते. बँकेप्रमाणे व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कपात होते, मुद्दल सुरक्षित राहते. पोस्टाची आवर्ती ठेव मात्र या कामासाठी बाद समजावी, कारण तिची मुदत ५ वर्षांची आहे आणि ती ३ वर्षे पूर्ण होण्याआधी बंद करता येत नाही.

ठेव कोठे ठेवायची, याबाबत पुणेकरांनी विशेष दक्ष असावे. बँकेतील ठेवींना, म्हणजे सहकारी बँकांतील ठेवींनाही, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली, त्याआधी ती १ लाख होती. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. मात्र विमा असला तरी पैसे हवे त्या दिवशी मिळतीलच, असे नाही. येथील रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द केला. मधल्या काळात अनेक ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकून राहिले. येत्या जूनच्या फीसाठी साठवलेले पैसे टक्का-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत ठेवणे मला मुळीच पटत नाही.

भिशीचे बळ वेगळे आहे. सोसायटीतल्या किंवा कार्यालयातल्या बारा जणांनी दरमहा ५,००० काढायचे आणि चिठ्ठीत ज्याचे नाव येईल त्याने ६०,००० उचलायचे, या व्यवहारात हप्ता चुकवण्याची कोणाची प्राज्ञा नसते, कारण उरलेल्या अकरा जणांना रोज तोंड दाखवायचे असते. हा धाक कोणतीही बँक घालू शकत नाही. पण पहिल्याच महिन्यात ज्याचा नंबर लागतो, त्याच्यासाठी भिशी ही बचत राहत नाही. ते ५५,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज होते आणि पुढचे अकरा महिने तो ते फेडत राहतो. शेवटच्या नंबरवाल्याने तेच कर्ज बिनव्याजी दिलेले असते. शिवाय फी जूनमध्ये भरायची आणि नंबर ऑक्टोबरात लागला, तर भिशी वेळेवर उपयोगी पडत नाही. काही गटांत गरज असलेल्याला आधी उचलू देतात. असा गट असेल आणि सगळे सभासद वर्षानुवर्षांच्या ओळखीचे असतील, तरच तारखेच्या खर्चासाठी भिशीचा विचार करावा. नंबर घेऊन झाल्यावर एखाद्याने हप्ते थांबवले, तर घरगुती भिशीत हातात कागद नसतो. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन बदलणे, यांसारख्या चार महिने पुढे-मागे झाले तरी चालणाऱ्या गोष्टींसाठी भिशी चांगली.

लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफी पेढ्यांतून मिळणाऱ्या सोनेखरेदीच्या योजनांचे गणित थोडे खोलात पाहावे लागते. योजना बहुधा ११ हप्त्यांची असते, कारण मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाच्या रूपाने चुकती झाली नाही, तर कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ती ठेव मानली जाते. समजा, ५,००० चे ११ हप्ते भरले आणि सोनाराने बारावा स्वतःचा घातला, तर ६०,००० ची खरेदी करता येते. १२ टक्के घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वजा जाता प्रत्यक्ष सोने साधारण ५२,००० रुपयांचे येते, म्हणजे भरलेल्या ५५,००० पेक्षाही कमी. तेच अकरा हप्ते आवर्ती ठेवीत घालून व्याजासह त्याच दुकानात दागिना घेतला, तर सोने सुमारे ४९,००० चे येईल. तेव्हा दागिना घ्यायचाच असेल तर योजना फायद्याची आहे; पैसे साठवायचे असतील तर नाही, कारण रोख रक्कम परत मागितली की सोनाराने घातलेला बारावा हप्ता बहुधा हातचा जातो. हप्ते रुपयांत जमा होतात की त्या दिवशीच्या भावाने ग्रॅममध्ये, हेही आधी विचारावे. रुपयांत होत असतील आणि भाव चढला, तर वर्षाअखेरीस वजन कमी भरते.

मार्ग कोणताही असो, नोंद ठेवावीच लागते, आणि ती नुसती जमा रकमेची ठेवून पुरत नाही. समजा, मिळकतकर, विमा आणि फी मिळून ८४,००० हवे आहेत, म्हणजे महिन्याला ७,०००. तीन महिन्यांनंतर वहीत १५,००० दिसतात आणि बरे वाटते; पण तेथे २१,००० असायला हवे होते. उरलेले ६९,००० नऊ महिन्यांत जमवायचे, तर नवा हप्ता ७,६६७ होतो. दर महिन्याला लिहायचा आकडा हा : आजपासून हप्ता किती. तो वाढत चालला की गणपतीच्या खर्चाला कोठे हात आखडता घ्यायचा, हे वेळेत ठरवता येते.

यासाठी वही बरी की एक्सेल? नवरा-बायको दोघांनी मिळून ठरवलेले उद्दिष्ट असेल, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरशेजारी टांगलेली वही उत्तम, कारण ती दोघांच्याही नजरेस पडते. उत्पन्न दरमहा सारखे नसणाऱ्यांनी, म्हणजे क्लास घेणाऱ्यांनी किंवा सुटी कामे करणाऱ्यांनी, एक्सेल वापरावे. नवा हप्ता तेथे आपोआप निघतो. अशांनी आवर्ती ठेवीचा हप्ता सर्वांत कमी कमाईच्या महिन्याला झेपेल एवढाच ठेवावा आणि जास्त कमाईच्या महिन्यातला वरचा पैसा वेगळ्या बचत खात्यात घालावा. ठेवीची मुदत खर्चाच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी संपेल, अशा बेताने ती सुरू करावी.