शून्य टक्क्याचा फोन मला अठ्ठावीस हजारांना पडला

मुलीला डिप्लोमाला ॲडमिशन मिळाली आणि घरात फोनचा विषय निघाला. मेहुणा म्हणाला, भाड्याने घ्या, डिपॉझिट भरायचं आणि महिन्याला भाडं. बायको म्हणाली, "लग्नाला भांडी आणतात भाड्याने, फोन कसला?" मलाही पटलं. हप्त्यावर घेतला तर वस्तू आपली तरी होईल.

नाशिकच्या एका दुकानात गेलो. फोन २४,०००चा. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकाला तोच रोखीत २२,५००ला सांगितला, हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला 'बारा-चार'ची स्कीम दिली: २,०००चे बारा हप्ते, पैकी चार तिथेच भरायचे, व्याज शून्य. फायनान्सच्या टेबलावरचा मुलगा भलताच गोड. "काका, आधार द्या, इकडे बघा, फोटो काढतो, ओटीपी सांगा." ओटीपी तीनदा आला. तिसरा कशाचा ते मी विचारलं नाही. चष्मा घरी राहिला होता, मेसेज दिसतच नव्हता. ८,००० भरले, वर फाइल चार्ज ९९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९.

खात्यातून पहिला हप्ता गेला तो २,२६०चा. वरचे २६० 'मोबाइल प्रोटेक्शन'चे, म्हणजे फोनच्या विम्याचे. तिसरा ओटीपी त्याचाच होता. आठ हप्त्यांचे झाले २,०८०.

मग एका महिन्यात पगार दोन दिवस लांबला. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता बाउन्स झाला. फायनान्स कंपनीचा बाउन्स चार्ज ५९०, माझ्या बँकेचा वेगळा २९५. त्याच दुपारी मुलीने मैत्रिणीच्या मोबाइलवरून फोन केला, "बाबा, माझा फोन बंद पडलाय, स्क्रीनवर हप्ता भरा असंच येतंय." दुकानात फोन 'सेट करून' देताना त्यात कंपनीचं लॉकचं ॲप टाकलेलं. पैसे भरून फोन उघडेपर्यंत दीड दिवस गेला. आणि भाड्याचा नको, आपला हवा, म्हणून हा घेतला होता!

पुढे तक्रार करून थोडे परत आले, ते न धरता एकूण २८,१४४. बाउन्स माझ्या चुकीने, ते सोडा. प्रोटेक्शनही सोडा. रोखीचा भाव धरला तर मला उधार मिळाले १४,५००, आणि आठ महिन्यांत फेडायचे होते १६,०००, शिवाय फाइल चार्ज. म्हणजे शून्य टक्क्याचे २,६७९ रुपये. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना सप्टेंबर २०१३ मध्येच बजावलं होतं. मला कळलं फोन घेतल्यावर.

दुकानात जाल तेव्हा आधी रोखीचा भाव विचारा, हप्त्याचं नाव नंतर काढा. ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जाला मुख्य माहितीचा एक कागद द्यावाच लागतो, तोही तुम्हाला समजेल अशा भाषेत. विम्यासकट सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो. मला तो मोबाइलवर इंग्रजीत आला होता, मी उघडलाही नव्हता. आणि ओटीपीचा मेसेज स्वतः वाचा. चष्मा नसेल तर दुसऱ्या दिवशी जा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर मी तक्रार केली. प्रोटेक्शनचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत आले, फाइल चार्ज नाही. शेवटचा हप्ता जाऊन तीन आठवडे झाले. कर्ज फिटल्याचं पत्र आलंय, ते ॲप मात्र अजून निघालेलं नाही. शनिवारी पुन्हा दुकानात जायचंय.