सेवेलामर कार्बोनेट ८००: ताटासोबत घेतली तरच उपयोगी

किडनी निकामी होत गेली की फॉस्फरस रक्तात साचतो, ड जीवनसत्त्व सक्रिय होत नाही, कॅल्शियम घसरतं आणि गळ्यातली पॅराथायरॉईड ग्रंथी ते हाडांतून खेचून घेते. हाडं दुखतात, ठिसूळ होतात, काहींची चक्क मऊ पडतात. या साखळीतली फॉस्फरसची कडी सांभाळणं एवढंच सेवेलामरच्या या गोळीचं काम, आणि ते ती चोख करते.

गोळी रक्तात शिरत नाही. आतड्यातच अन्नातल्या फॉस्फरसला धरते आणि शौचावाटे बाहेर काढते. त्यामुळे उपाशीपोटी घेतलेली गोळी वायाच जाते. रक्तातला फॉस्फरस ५.५ ते ७.५ (मिग्रॅ/डेसिलीटर) असेल तर सहसा दर जेवणाला ८०० मिग्रॅची एक, त्याहून जास्त असेल तर दोन अशी सुरुवात होते. पुढे रिपोर्ट पाहून डॉक्टर डोस बदलतात. सरसकट ‘सकाळ-दुपार-रात्र एकेक’ आम्हाला पटत नाही. सकाळी नुसता चहा-खारी आणि दुपारी आमटी, दाण्याचं कूट घातलेली भाजी, वर दही असेल, तर फॉस्फरसचा भार दुपारी असतो. गोळ्यांची वाटणी तशी करून द्या, असं डॉक्टरांना जरूर सांगा.

गोळी आकाराने मोठी आणि ओली झाली की फुगते. तोडू नका, चावू नका. गिळताना अडकत असेल तर पावडर बरी: ०.८ ग्रॅमची पुडी ३० मिली पाण्यात घालायची. ती विरघळत नाही, तळाशी बसते. पुन्हा ढवळून अर्ध्या तासाच्या आत संपवायची.

खरा त्रास बद्धकोष्ठतेचा. डायलिसिसवर पाणी मोजून प्यायचं असतं, त्यामुळे तो जास्तच जाणवतो. आतड्यात अडथळा असेल तर ही गोळी नकोच. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते हिच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावं.

फॉस्फरस धरणारी दुसरी गोळी म्हणजे कॅल्शियम ॲसिटेट; ते बरंच स्वस्त पडतं, पण ६६७ मिग्रॅच्या एका गोळीत १६९ मिग्रॅ कॅल्शियम असतं. दिवसाला सहा म्हणजे हजारावर. कॅल्शियम आधीच वर असेल किंवा रक्तवाहिन्यांत साचलं असेल, तर सेवेलामरचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. ॲल्युमिनियमची ॲसिडिटीची जेल मात्र स्वस्त म्हणून फॉस्फरससाठी वापरत राहू नका: किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, ते हाडात बसतं आणि त्यानेही हाडं मऊ पडतात.

स्ट्रिपवर ‘कार्बोनेट’ आहे ना, तेही बघा. सेवेलामर हायड्रोक्लोराईड या दुसऱ्या प्रकाराने रक्तातलं आम्ल वाढू शकतं, आणि आम्ल हाड झिजवतं.