फ्युएल पंप ‘बदलला’ म्हणून पैसे घेतले, आत जुनाच निघाला

जुन्या पेट्रोल गाडीच्या मागच्या बाजूने ‘घूंऽऽ’ असा सलग आवाज यायला लागला आणि गॅरेजवाला मिनिटभर कान देऊन ‘पंप गेलाय’ म्हणाला, तर गाडी लगेच त्याच्या ताब्यात देऊ नका. हा पंप टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. तो किती प्रेशरने ढकलतो, ते आधी मोजून दाखवायला सांगा. माझे ११,८०० रुपये गेले, पण मी लिहायला बसले ते पैशांसाठी नाही. त्या कामानंतर आमच्या गाडीत मागच्या सीटखालून पेट्रोल झिरपत होतं आणि त्याच सीटवर माझे बाबा बसत होते.

गाडी २०११ सालची, पेट्रोल हॅचबॅक. पुणे-सातारा जाणं-येणं कायमचं. आवाज आधी फक्त टाकी रिझर्व्हला आली की यायचा, पुढे अर्ध्या टाकीलाही यायला लागला. बाकी गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची, चढाला कुठे झटका नाही, पिकअप होतं तसंच. हे महत्त्वाचं आहे. पंप खरंच जायला टेकला असता, तर घाटात जोर कमी पडला असता, वेगात मिसिंग (इंजिन मध्येच अडखळणं) आलं असतं किंवा गरम झाल्यावर गाडी बंद पडली असती. नुसता आवाज आणि बाकी सगळं ठीक, म्हणजे पंपाला त्रास होतोय. पंप मेला असा त्याचा अर्थ नाही.

पुण्यात ऑफिसच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. मालकाने चावी फिरवली आणि लगेच सांगितलं, “मॅडम, पूर्ण असेंब्लीच, म्हणजे पंप, जाळी, प्लॅस्टिकचं घर सगळं एकत्र, टाकावी लागेल. हे इथेनॉलवालं पेट्रोल आलंय ना, जुन्या गाड्यांचे पंप पटापट जातायत. वडील बरोबर असताना खंबाटकी घाटात बंद पडली तर काय कराल?”

इथेनॉलचं हे कारण आता सगळीकडे ऐकू येतं, आणि ते लोकांच्या गळी उतरतं कारण त्यात थोडं तथ्य आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉलचं मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्या हिशोबाने बनवलेले नाहीत, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ इथेनॉलमुळे सुटून पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकू शकतो. पण मग जाळी बघायला हवी, रबर बघायला हवं. त्यावरून थेट हजारोंची असेंब्ली लिहून देणं ही लूट आहे.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तेव्हा आवाज जवळपास नव्हता. जुना पार्ट मागितला, तर “तो एक्स्चेंजमध्ये गेला” असं उत्तर मिळालं. बिल म्हणून हाताने लिहिलेला कागद: ‘फ्युएल पंप असेंब्ली १ नग, मजुरी’. त्यावर पार्ट नंबर नाही, जीएसटी क्रमांकही नाही. शिवाय म्हणाला, “टाकी फुल करून ठेवलीय, नवा पंप कोरडा चालवायचा नसतो.” त्या पेट्रोलचे पैसे वेगळे घेतले.

फसवणूक नेमकी त्या फुल टाकीत होती. आपल्याकडच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तेच पेट्रोल त्याच्या मोटरला थंड ठेवतं, वंगणाचं काम करतं आणि आवाजही दाबतं. टाकी काठोकाठ भरली की कुरकुरणारा पंपही शांत वाटतो. म्हणून पंपाचं काम झाल्यावर खरी परीक्षा पाव टाकीवर होते. त्या पातळीला ऐकल्याशिवाय काम झालं असं मानू नका.

टाकी अर्ध्याखाली गेली आणि आवाज परत आला. सोबत वासही. काचा बंद करून एसी लावला की बाबा विचारायचे, “पेट्रोलचा वास येतोय का गं?” गॅरेजला फोन केला, तर म्हणे नवीन रबराचा वास आहे, चार दिवसांत जाईल. हे धादांत खोटं होतं. पंप नीट बसवला तर गाडीत पेट्रोलचा वास अजिबात येत नाही.

साताऱ्यात बाबांच्या ओळखीचे एक जुने फिटर आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी गाडी उघड्यावर घेतली, चारही दारं बराच वेळ उघडी ठेवली, बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि मगच मागची सीट उचलली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साठून राहते, तिला एक ठिणगी पुरते. सीटखालचं पत्र्याचं झाकण काढल्यावर खालची धूळ पेट्रोलने ओली झालेली दिसली. असेंब्लीच्या कडेने सिलिकॉन थापलं होतं. आतली रबरी रिंग फुगून वाकडी झालेली होती.

अण्णांनी मला जवळ बोलावून दाखवलं. ही रिंग एकदा बाहेर काढली की पेट्रोलने फुगलेली असल्यामुळे परत खोबणीत बसत नाही, दर वेळी नवीच घालावी लागते. त्या माणसाने जुनीच कोंबली होती आणि फट सिलिकॉनने बुजवली होती. साधं सिलिकॉन पेट्रोलपुढे टिकत नाही.

मग त्यांनी असेंब्लीच्या प्लॅस्टिकवरचा छोटा गोल शिक्का दाखवला. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या भागांवर असा शिक्का बऱ्याचदा असतो: मध्ये वर्षाचे आकडे, भोवती महिने आणि एक बाण. आमच्या असेंब्लीवर ११ होतं, म्हणजे २०११, आणि बाण ३ वर. आमची गाडी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली. म्हणजे कारखान्यातून आलेली असेंब्ली तशीच होती. तिला हात लावला होता तो फक्त उघडून बंद करण्यापुरता.

खालची जाळी काळीकुट्ट, चिकट गाळाने गच्च. पंपाला पेट्रोल ओढायला जीव काढावा लागत होता, त्याचाच तो आवाज. टाकीचा तळ साफ केला, नवी जाळी आणि नवी रिंग घातली, मग अण्णांनी प्रेशर गेज लावला. आमच्या गाडीला सुमारे ३ बार प्रेशर लागतं. काटा तिथे स्थिर राहिला आणि इंजिन बंद केल्यावरही लगेच पडला नाही, म्हणजे पेट्रोल मागे येऊ न देणारा पंपाचा व्हॉल्व्हही धड होता. आता चावी ऑन केली की दोन सेकंद हलकी गुणगुण ऐकू येते, ती कुठल्याही चांगल्या पंपाची असते. सगळा खर्च १,६५० रुपये. नंतर पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत चौकशी केली, तर आमच्या मॉडेलची जाळी सुटी, अगदी सहज मिळते.

आवाजाला इतरही कारणं असतात. इंजिन चालू असताना टाकीचं झाकण सैल केल्यावर आवाज उतरला, तर टाकीला हवा मिळत नसेल. बाहेर वेगळा फिल्टर असलेल्या गाड्यांत तो तुंबलेला असू शकतो. अर्थिंगची तार गंजली किंवा रिले (पंपाचा विजेचा स्विच) खराब झाला की पंपाला पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. पंप बदलायला लागण्याआधी हे सगळं स्वस्तात तपासता येतं. आणि रिझर्व्हवर गाडी ओढत राहायची सवय असेल तर ती सोडा. त्याने चांगला पंपही गरम होऊन लवकर झिजतो.

पुढे काय झालं ते सांगते. फोटो पाठवल्यावर त्या मालकाचं म्हणणं, “मोटर आतून बदललीय.” मग जुनी मोटर द्या म्हटलं, तर फोन बंद. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्याला लेखी नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचं किंवा सेवेचं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. नोटिशीत हे दोन्ही मुद्दे लिहिले होते. पार्टचे पैसे परत आले. मजुरीचे आले नाहीत, त्यासाठी तक्रार मी चालूच ठेवली आहे.

गाडी देताना पार्ट नंबरसकट पक्कं बिल हवं आणि जुना पार्ट हातात हवा, हे आधीच सांगा. काम सुरू होण्यापूर्वी सीटखालच्या असेंब्लीचा आणि त्या गोल शिक्क्याचा फोटो समोर उभं राहून घ्या. कामानंतर सीट उचलून पुन्हा घ्या. जो हे करू देत नाही, त्याच्याकडे काम देऊ नका.

आणि अलीकडे पंपाचं काम करून घेतलं असेल आणि मागच्या सीटजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर चार दिवस वाट पाहू नका. गाडी सावलीत, मोकळ्या जागी लावा, दारं उघडा, सेल्फ मारू नका, जवळ कोणाला सिगारेट ओढू देऊ नका आणि फिटरला तिथेच बोलवा.