प्रोफाइल लाइकलिहूडचा काही महिन्यांचा अनुभव: पद्धत उत्तम, एक रकाना फसवा

प्रोफाइल लाइकलिहूड म्हणजे मॉडेलचा एक पॅरामीटर वेगवेगळ्या मूल्यांवर स्थिर धरून मोजमापांशी जुळणी किती बिघडते ते वक्रावर पाहणे. माझी तक्रार या पद्धतीबद्दल नाही, ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निकालाच्या तक्त्यातील एका रकान्याबद्दल आहे. पॅरामीटर शोधण्याची कक्षा आपणच ठरवून देतो, समजा 0.001 ते 1000. केएमचे (एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो ती सब्स्ट्रेटची, म्हणजे एन्झाइम ज्यावर क्रिया करते त्या पदार्थाची, संहती) प्रोफाइल उजवीकडे सपाटच राहिले आणि 95 टक्के विश्वासाची 3.84 ही उंबरठ्याची रेषा त्याने कोठेच ओलांडली नाही, तरी सॉफ्टवेअर कमाल मर्यादा म्हणून 1000 छापून मोकळे होते. हा आकडा मोजमापांतून आलेला नाही, आपणच टाकलेला आहे. शेजारी तारका नाही, इशारा नाही. आलेख न उघडणारा वाचक तो खरा मानणारच. निर्मात्यांना कळवले, तेव्हा ‘माहितीपुस्तिकेत लिहिले आहे’ एवढेच उत्तर आले.

मॉडेलच्या रचनेची बीजगणिती तपासणी आधीच झाली होती आणि तिने व्हीमॅक्स (एन्झाइमचा कमाल वेग) व केएम दोन्ही निश्चित करता येतील असा निर्वाळा दिला होता. तो चूक नव्हता, पण ती तपासणी गोंगाटविरहित, अखंड मोजमाप गृहीत धरते. प्रत्यक्षात सब्स्ट्रेटची सुरुवातीची संहती केएमपेक्षा बरीच कमी असेल, तर मायकेलिस-मेंटनचे (एन्झाइमच्या वेगाचे) समीकरण साध्या घातांकी ऱ्हासासारखे वागते आणि हाती फक्त व्हीमॅक्स भागिले केएम हे गुणोत्तर लागते. केएम वाढवून स्थिर धरला की व्हीमॅक्स त्याच पटीत वाढतो. दोन्ही अक्षांवर लॉग घेतल्यास चढ 1 असलेली सरळ रेषा दिसते. ती पाहिल्यावर शंकेला जागा उरत नाही.

राउए आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये पॅरामीटर निश्चित करता येतात का हे तपासण्यासाठी मांडलेल्या या पद्धतीत वक्राच्या प्रत्येक बिंदूवर उरलेले सगळे पॅरामीटर नव्याने बसवावे लागतात, म्हणून सुरुवातीला मला ती वेळखाऊ वाटे. विश्वासाच्या मर्यादा काढण्याची दुसरी रीत, फिशर मॅट्रिक्स, क्षणात उत्तर देते. आता मत बदलले आहे. फिशर मॅट्रिक्स फक्त सर्वोत्तम बिंदूजवळची वक्रता पाहते, तर प्रोफाइलने पुढची मोजमापे कोठे घ्यायची हेही दाखवले. त्याच विरळ संहतीवर प्रयोग पुन्हा करण्याचा आमचा बेत होता. त्याऐवजी केएमच्या काही पट संहतीवर मोजके नमुने घेतले आणि उजवी बाजू वर वळली. संगणकाची एक रात्र एन्झाइमच्या नव्या कुपीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

वक्रावर मधूनमधून येणारे दाते शोध स्थानिक किमानात, म्हणजे सर्वोत्तम नसलेल्या जवळच्या उत्तरात, अडकल्याने येतात. सुरुवातीची मूल्ये बदलून पाहिली की बहुधा जातात.

तो रकाना मी आता छोट्या स्क्रिप्टने सुधारतो: उंबरठा ओलांडला नसेल, तर आकड्याच्या जागी अनंताचे चिन्ह. हे निर्मात्यांनीच केले असते, तर मी एक तारा कापला नसता.