पल्मनरी हायपरटेन्शन क्लिनिक: चार स्टार, पाचवा पॅसेजमुळे कापला

दोन वर्षं मी पंप ओढला. जिना चढला की धाप, आणि एकदा बस पकडायला धावले तर रस्त्यातच आडवी झाले. आधीच्या दवाखान्यात दमा म्हणाले, मग टेन्शन.

इथल्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला वर टेकवला आणि बराच वेळ हलवलाच नाही. मग तो माझ्याच कानात दिला. लब कसाबसा ऐकू येतो, डब मात्र दार आपटल्यासारखा! फुप्फुसाच्या धमनीत दाब वाढला, म्हणजेच पल्मनरी हायपरटेन्शन झालं, की तिथली झडप अशी जोरात मिटते म्हणे.

इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दाब बराच वाढलेला दिसला. मी लगेच गोळ्या विचारल्या. "इको म्हणजे अंदाज आहे ताई, मोजल्याशिवाय गोळी नाही." पण त्याआधी व्हीक्यू स्कॅन, म्हणजे फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा. माझा सीटी स्वच्छ होता, तरी केलाच. जुन्या गुठळ्या सीटीतून निसटू शकतात, आणि सापडल्या तर काही जणांच्या ऑपरेशनने काढता येतात. माझ्यात नव्हत्या. खरं सांगते, मला वाईटच वाटलं.

दाब मोजायला हृदयात नळी घालतात, त्या कॅथेटरला मी उगाच घाबरले होते. मान बधिर केली, मी पूर्ण जागी. नळी उजव्या हृदयातून पुढे सरकताना एकदा काळीज फडफडलं, बस. पडद्यावर फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब ४७. २० च्या वर गेला की जास्त. वेज प्रेशर, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज, ९. म्हणजे दोष हृदयाच्या डाव्या बाजूचा नव्हे. पल्मनरी आर्टिरिअल हायपरटेन्शन, म्हणजे दोष फुप्फुसाच्या धमन्यांमध्येच. निदान दुर्मीळ आजाराचं, आणि मला मात्र हायसं वाटलं, कारण आता मला कोणी टेन्शन म्हणणार नव्हतं.

आता तक्रार. सहा मिनिटं चालायची टेस्ट ओपीडीच्या पॅसेजमध्ये घेतात. चौथ्या मिनिटाला समोरून स्ट्रेचर आला, मी भिंतीला चिकटले, घड्याळ चालूच. ३१० मीटर भरले. पुन्हा घ्या म्हटलं तर "चालतं" म्हणाले. मला नाही चालत, पुढची तुलना याच आकड्याशी होणार आहे.

जाणार असाल तर जुने इको सगळे न्या. माझ्या पहिल्या इकोच्या शेवटच्या ओळीत "उजवा कप्पा किंचित मोठा" असं लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं आणि तारीख वाचली. दोन वर्षांपूर्वीची.