धावण्याचा वर्ग: प्रशिक्षकांचे ध्येय आणि मुलांची मर्जी

दहावीला मिळणारे सवलतीचे क्रीडागुण, मैत्रिणींची सोबत, निव्वळ व्यायाम किंवा राज्य स्पर्धेतील पदक, अशा निरनिराळ्या कारणांनी आलेली मुले पुण्यातील या वर्गात एकाच मैदानावर धावतात, आणि मुख्य प्रशिक्षकांना मात्र पदकाखेरीज फारसे काही दिसत नाही. तरीही माझ्या मुलीला येथेच ठेवावे असे मला वाटते, कारण ही तफावत ते लपवत नाहीत. प्रवेशाच्या वेळी ते मुलांकडूनच, पालकांना बाजूला बसवून, उद्दिष्ट लिहून घेतात. सत्र संपल्यावर तोच कागद पुढे ठेवून बोलतात आणि मूल ढेपाळलेले दिसले तर सरावाचा भार ठरवण्यात त्याचे मत घेतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या प्रेरणेच्या मूलभूत गरजा मानल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन येथे नेमकेपणाने जपल्या जातात.

तिसरीविषयी माझी तक्रार आहे. हौसेने धावणाऱ्यांचा गट बहुतेक वेळा साहाय्यकांच्या हाती सोपवला जातो, आणि स्पर्धा हरल्यानंतरचा मुख्य प्रशिक्षकांचा अबोला (जो ते स्वतः शिस्त समजतात) पदकासाठी न आलेल्या मुलांनाही सोसावा लागतो. शुल्क मात्र दोन्ही गटांना सारखेच आहे. स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्यांनी जरूर यावे. इतरांनी आपला गट कोण शिकवणार, हे आधी विचारून घ्यावे.