डेटा रिकव्हरी: घरी करायची की लॅबला द्यायची?
बिघडलेली हार्ड डिस्क बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसतेय, फक्त विंडोज फॉरमॅट करा म्हणतंय किंवा फाइल कॉपी करताना अडकतंय, तर घरी जमू शकतं, पण रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट तिच्यावर चालवू नका, आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या मोठ्या डिस्कवर पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढा. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब सेक्टर (डिस्कचे नीट वाचता न येणारे तुकडे) नंतरसाठी ठेवतं आणि मॅपफाइल (कुठवर कॉपी झालं याची नोंद) दिली असेल तर मधेच बंद पडलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. मग त्या इमेजवर टेस्टडिस्क, फोटोरेक अशा रिकव्हरी सॉफ्टवेअरपैकी काय हवं ते चालवा.

डिस्कमधून टकटक आवाज येतोय? मग लगेच बंद करा, हे लॅबचंच काम. हेड (डेटा वाचणारा भाग) प्लॅटरला (डेटा असलेल्या चकतीला) घासत असेल तर परत परत चालू करण्यात उरलासुरला डेटाही जातो. तिथे क्लीन रूममध्ये (धूळमुक्त खोलीत) डोनर डिस्कचे, म्हणजे तशाच दुसऱ्या चांगल्या डिस्कचे, हेड बसवतात, महाग पडतं हे खरंय. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला मात्र कोणी दिला तर सरळ सोडून द्या.